दादाच्या गळ्याचे दोन कागद

बुलढाणा
दि. १२ जानेवारी १९७५

चि. सिंधूस,

अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

चार महिने तुला पत्र नाही, त्याची आधी क्षमा मागतो. कचेरीत काम फार होते असे लिहिता येईल, पण ते खरे नाही. तुझी दोन पत्रे इथे टेबलावर पडून आहेत आणि दोन्हींत तुझा एकच प्रश्न आहे, की दादाचा आवाज कसा आहे. मला उत्तर ठाऊक होते आणि ते लिहायचे नव्हते.

धम्मचक्र दिनाला पिंपळगावी दादा नेहमीप्रमाणे वंदना म्हणायला उभा राहिला. दुसऱ्या ओळीवर आवाज फाटला. त्याने खाकरून पाहिले, पाणी प्याला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटला. बायांना वाटले त्याला भरून आले. उरलेली वंदना विशाखाने म्हटली. तेव्हापासून आवाज नीट लागलेला नाही. जनकावहिनी म्हणते की घरात तो अर्धे बोलणे हातानेच करतो, आणि गवंडीकामावर असला की हाताखालच्या माणसाला थापीने ठोकून बोलावतो.

मागच्या आठवड्यात जाऊन आलो. गळ्याची कातडी तुमच्या इस्पितळातल्या कोबाल्टच्या किरणांनी काळी पडली ती तशीच आहे, आणि खाली सगळे घट्ट लागते. वीस महिने झाले कॅन्सरच्या त्या उपचाराला. पहिली दोन वर्षे जपायला डॉक्टरांनी सांगितले होते, याची तुला मी काय आठवण द्यावी! तो दोन महिने तुझ्याच क्वार्टरमध्ये राहून रोज तुझ्या हातची पेज प्याला आहे. मी मुंबईचे नाव काढले तर म्हणाला, काऊन बे, कोर्टात तारखा कमी पडून राह्यल्या का, माह्या गळ्याची तारीख काढाले आला? सगळे हसले. मीही हसलो. हसताना त्याचा आवाज अजिबात येत नव्हता.

त्याच्या मनात काय आहे ते तुला माहीत आहे. यंदा विशाखाचे लग्न ठरले. मुलगा नांदुऱ्याचा, प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. वैशाखी पौर्णिमा, २५ मे. दादाने आजवर पन्नास गावांतली लग्ने लावली, लोकांच्या पोरांना त्रिशरण-पंचशील दिले; आपल्या पोरीला आपल्या तोंडाने द्यायचे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. शेवटी वहिनीने धरून बसवले तेव्हा कबूल झाला. दोघे १८ तारखेला नांदुऱ्याहून गाडीत बसतील.

मी सोबत यायला हवे. पण या महिन्यात आमच्या नक्कल विभागाची तपासणी आहे. हे कारण खरे आहे; पुरेसे आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही.

मुलांना पापा. माझ्यावरची माया उणी होऊ देऊ नकोस.

तुझा भाऊ,
इंद्रभान


मुंबई
दि. ४ फेब्रुवारी १९७५

आदरणीय भाऊस,

सविनय जयभीम. वि. वि.

दादा आणि वहिनी परवा रात्रीच्या गाडीने निघाले. आता घरी पोचले असतील. तुला सगळे नीट कळावे म्हणून सवडीने लिहिते आहे, कारण दादा तुला चार शब्दांत उरकून सांगेल आणि त्यातले दोन थट्टेचे असतील.

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिले. स्वरयंत्र सुजलेले आहे. पण ही सूज किरणांनी मागे ठेवलेली की रोग परत आला त्याची, हे डोळ्यांना कळत नाही आणि बोटांनाही नाही. तपासायला तुकडा काढला, त्यात काही निघाले नाही. मात्र तुकडा नेमक्या जागेचा होता की शेजारचा, हे कोण सांगणार? आणि भाजलेल्या जागेतून पुन्हापुन्हा तुकडे काढले तर जखम भरत नाही. म्हणून त्याला खालच्या मजल्यावर, किरणोत्सर्गी औषधांच्या विभागात पाठवले.

तिथे सध्या दोन औषधांची तुलना चालू आहे. चाळीस रोगी घेतलेत, सगळे दादासारखे, गळ्याचे किंवा तोंडाचे, एकदा उपचार झालेले आणि आता संशय असलेले. एका औषधाचे नाव गॅलियम. ते शिरेतून देतात आणि तीन दिवस थांबतात. दुसरे ब्लिओमायसिन, म्हणजे या रोगावर देतात तेच औषध, त्याला किंचित कोबाल्ट जोडलेले. त्याला एकच दिवस थांबावे लागते. मग रोग्याला टेबलावर निजवतात आणि यंत्राचे डोके गळ्यावरून सावकाश इकडून तिकडे, तिकडून इकडे जाते. जिथे औषध साचले तिथे शेजारच्या कागदावर ठिपके दाट पडतात. दादा निजल्यानिजल्या ते बघत होता. उठल्यावर म्हणाला, अशी तिफण मी जलमात नाही पाह्यली, वावर माह्या गळ्याचं आन् पेरणी कागदावर. ते यंत्र चालवणाऱ्या मद्रासी बाईंना मी हे समजावून सांगितले तर त्या दिवसभर हसत होत्या.

आता कागदांचे. गॅलियमच्या कागदावर गळ्याच्या डाव्या बाजूला ठिपक्यांचा काळा पुंजका आहे. कागदावर बाजू लिहिलेली असते, म्हणजे दादाची स्वतःची डावी. उजवीकडे काही नाही. आणि दुसऱ्या औषधाच्या कागदावर दोन्ही बाजू सारख्या, विरळ, स्वच्छ. एकाच गळ्याचे दोन कागद, दोन दिवसांच्या अंतराने काढलेले, आणि एक हो म्हणतो, एक नाही म्हणतो.

डॉक्टर म्हणाले की गॅलियमचा एक दोष आहे. ते रोगाशी एकनिष्ठ नाही. पू झालेला दात, गळू, भाजल्याची जखम, कुठेही जाऊन बसते. म्हणून त्यांनी दादाला दोनदा विचारले की गळ्याला हल्ली काही जखम, गळू, चटका? दादाने दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटले. वहिनी खाली फरशीकडे बघत होती. मग मोठ्या डॉक्टरांच्या बैठकीत ठरले की गॅलियमचाच कागद धरायचा. स्वरयंत्र काढायचे. तारीख ३ मार्च दिली आहे. गळ्याला कायमचे भोक राहील, श्वास तिथून, आणि आवाज नाही. रोग असेल आणि काढला नाही, तर पुढे काय, हे मी तुला लिहीत नाही.

दादाने सगळे ऐकून घेतले आणि मला विचारले की मंग विशाखाले पंचशील कोन देईन, तुमचा डॉक्टर? भाऊ, आमच्या वॉर्डात पाटी आणि खडू घेऊन फिरणारी माणसे मी रोज बघते. त्यांत दादा मला दिसत नाही.

तू पिंपळगावला जा आणि त्याची समजूत घाल. त्याला घेऊन २८ पर्यंत निघ. आमच्यावर आहे ती ममता अशीच असू दे.

तुझी बहीण,
सिंधू


नांदुरा स्टेशन
दि. १५ फेब्रुवारी १९७५

चि. सिंधूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

फलाटावरच्या बाकावर बसून लिहितो आहे. मेल यायला चाळीस मिनिटे आहेत आणि हे पत्र तिच्या टपालाच्या डब्यात पडलेच पाहिजे. अक्षर वाईट आहे, चालवून घे.

आज सकाळी मी दादाची समजूत घालायला म्हणून पिंपळगावला गेलो. तो मोताळ्याकडे एका विहिरीच्या बांधकामावर होता. घरात जनकावहिनी एकटी. मी तिला तुझे पत्र वाचून दाखवले. गळ्याला चटका किंवा जखम, असे डॉक्टरांनी विचारल्याच्या ओळीवर ती पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

सिंधू, तिने त्याच्या गळ्याला बिब्बा लावला होता. मुंबईला निघायच्या आठ दिवस आधी. शेजारच्या झुंबरबाईने सांगितले की सूज उतरत नसली तर बिब्ब्याचे तेल तापवून सुईच्या टोकाने सात ठिपके द्यायचे, आग बाहेर येते. आपली आईसुद्धा द्यायची, तुझ्या पायाला अजून डाग असेल. ठिपके फुलले, त्यांतून पाणी वाहिले, मग खपल्या धरल्या. तुमच्याकडे गळा मुळातच किरणांनी काळा, त्यात ते कुणाच्या नजरेत आले नाहीत.

का लपवले, असे मी विचारले. त्याचे उत्तर मला मिळाले ते मी जसेच्या तसे लिहितो. गेल्या वर्षी विहारात मी बिब्बा, डागण्या, गंडेदोरे यांवर बोललो होतो. बोलण्याच्या भरात वहिनीकडे बोट दाखवून म्हणालो होतो की आमच्याच घरात हे अज्ञान आहे. ती म्हणाली, भाऊजी, तुमी मले पुन्हा चार बायांत बोलले असते, आन् त्या डॉक्टरनं बी. म्हणून ती गप्प बसली. आणि दादाने तिची लाज राखायला दोनदा मान हलवली. त्याने लोकांना हजारदा मुसावादा वेरमणी म्हणून दिले आहे, खोटे न बोलण्याचे शील. त्या बिचाऱ्याने ते कुणामुळे मोडले? मी जे खरे तेच बोललो होतो. तरी पाहा, त्यातून निघाले काय.

ती माझ्यासमोर चुलीशी बसली होती. कोणत्या बाजूला लावला, असे मी विचारले तेव्हा तिला बोलवेना. तिने आपल्याच गळ्याला हात लावून दाखवले. डावी बाजू, सिंधू. तुझ्या कागदावरचीच. पुंजका आहे तो बिब्ब्याचा आहे. दुसरा कागद खरे बोलतो आहे.

दादा यायला दिवेलागण झाली असती आणि माझी नांदुऱ्याची एस.टी. चुकली असती, म्हणून थांबलो नाही. हे पत्र मिळताच डॉक्टरांना भेट आणि ३ मार्च थांबव. मला आज किती महिन्यांनी नीट श्वास घेतल्यासारखे वाटते.

गाडीची घंटा झाली. कृपालोभ वाढता ठेव.

इंद्रभान


मुंबई
दि. २६ फेब्रुवारी १९७५

आदरणीय भाऊस,

सविनय जयभीम. वि. वि.

तुझे पत्र घेऊन मी त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले, मग बिब्बा म्हणजे काय ते विचारले. ते कर्नाटकातले, पण त्यांच्या आजीलाही तो माहीत होता. बराच वेळ दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर शेजारी-शेजारी धरून उभे होते. शेवटी म्हणाले की त्याच जागी ताजी भाजलेली जखम असेल तर गॅलियमचा हा कागद धरता येत नाही. त्याच्या कडेला त्यांनी लाल पेन्सिलीने तसा शेरा मारला, आणि तुलनेच्या यादीतून तो बाद केला. शस्त्रक्रिया थांबवली आहे.

भाऊ, आता पुढचे शांतपणे वाच. थांबवली आहे, रद्द केलेली नाही. एक कागद बाद झाला म्हणून दुसरा खरा ठरत नाही. तोही कधीकधी चुकतो, आणि किती चुकतो हेच तर शोधायचे चालले आहे. जखम पूर्ण भरू द्यायची आणि १५ एप्रिलला येऊन गॅलियम पुन्हा करायचे. त्याआधी श्वासाला त्रास झाला, कानात दुखायला लागले, गळ्याला नवी गाठ हाताला लागली, तर तारखेची वाट न बघता निघायचे. हे दादाला याच शब्दांत सांग. अर्धे सांगू नकोस.

आणखी एक. डॉक्टरांनी मला विचारले की तुझ्या भावाने ते डाग स्वतः पाहिले आहेत ना? मी म्हणाले, माझा भाऊ कोर्टात नकलांची रुजुवात करतो. मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्याशिवाय तो सही करत नाही, आणि पाहिल्याशिवाय लिहीतही नाही. ते हसले आणि त्यांनी पेन्सिल उचलली. तरी तू मला दोन ओळी लिहून पाठव, म्हणजे मी त्या दादाच्या कागदांत लावून ठेवीन.

वहिनीला रागावू नकोस. तिला म्हणावे, सिंधू रागावलेली नाही. असाच जिव्हाळा ठेव.

तुझी,
सिंधू


बुलढाणा
दि. ९ मार्च १९७५

चि. सिंधूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. गेल्या रविवारी पिंपळगावला जाऊन दादाला सगळे सांगितले. सांगितले म्हणजे, सुरुवात केली. पहिला कागद बिब्ब्याने बिघडला, शस्त्रक्रिया थांबली, एवढे ऐकताच त्याने मला मिठी मारली आणि ओट्यावरून हाक देऊन अर्धी वस्ती गोळा केली. हाक कसली, नुसती हवा, पण लोक आले. मग उत्तरार्ध सांगायला मला जागाच मिळाली नाही. निघताना १५ एप्रिलची तारीख मी त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून आलो. श्वास, कान, गाठ, हे वहिनीला सांगितले. ती हाव हाव म्हणत होती, पण तिचे लक्ष माझ्यासाठी पुरणाची डाळ शिजली की नाही याकडे होते.

गळ्याला त्याने पंचा गुंडाळला होता. थंडीचे दिवस गेले तरी सोडत नाही.

इकडे आंब्यांना मोहर दाट आहे. घाट उतरताना वास येतो. आमची तपासणी चांगली पार पडली. साहेबांनी माझ्या रुजुवातीच्या वहीवर चांगला शेरा दिला. वामनराव पेशकार निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोण येतो याची चर्चा चालू आहे. तुझ्या धाकट्याची परीक्षा कधी?

बाकी ठीक. लोभाची अपेक्षा आहेच.

इंद्रभान


पिंपळगाव राजा
ता. २७-४-७५

चि. इंद्रभान यास,

कचरूदादाचा जयभीम आन् आशीर्वाद. पत्र लिहाचं कारण का तू दोन महिने झाले तोंड दाखवलं नाही. कोर्टाच्या साहेबानं तुही बी नक्कल काढली का? काढली असन त एक इकडं पाठवून देजो, तुही वहिनी तिले च्या पाजीन.

लग्नं नऊ झाली. दोन राह्यली, आन् मंग आपल्या विशाखाचं. मेहकराकडच्या लग्नात आवाज पुराच बसला. पण मानसं लय चांगली. म्हने, गुरुजी, तुमी हळू म्हना, आमी जवळ येतो. सारा मांडव सरकत सरकत माह्या तोंडापाशी येऊन बसला, नवरीची आजी त माह्या मांडीवरच यायची राह्यली. म्या हळू म्हनलं, त्याईनं जोरानं म्हनलं. झालं लगन.

मुंबईची तारीख गेली, त्याचा राग करू नको. सिंधीले बी समजावून सांगजो. तूच सांगतलं ना का पह्यला कागद बिब्ब्यानं बिघडला आन् दुसरा खरा हाये? तू लिहेल-पढेल मानूस. तुह्या शब्दावर मी निवांत हाओ. मशिनच नाही म्हनते त मी काऊन फुकट गळा घेऊन गावोगाव हिंडू? आता पुनवेनंतर जाऊ.

तब्येत बरी हाये. आडवं झालं का गळ्यात शिट्टी वाजते, नांदुऱ्याच्या गाडीवानी. तुही वहिनी म्हनते, आता टेसनावर जाची गरज नाही. म्हनून मी भिताडाले टेकून बसल्या बसल्याच झोपतो. गळ्याच्या डाव्या अंगाले बोरायेवढी गाठ हाताले लागते, पन ते दुखत नाही, म्हनून त्याचं काही नाही. दुखते ते उजव्या अंगाले. तुह्या वहिनीनं जे सात डाग देल्ले तिथची कातडी अजून वढून राह्यली, न्हावी त्या अंगाले वस्तरा लावाले भेते. म्या त्याले म्हनलं, भेऊ नको बावा, बायकोच्या हातचा डाग हाये, तो असा पुसल्या जात नसते.

लगनाले आठ दिवस आधी येजो. मांडवाचं सारं तुह्याकडं. आपल्यातली माया पातळ होऊ देऊ नको.

तुहा दादा,
कचरू


बुलढाणा
दि. १ मे १९७५

चि. सिंधूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादाचे पत्र काल आले. ते याच लिफाफ्यात घातले आहे. हे वाचायच्या आधी ते वाच.

मी पहिल्यांदा वाचले तेव्हा हसलो. नवरीच्या आजीवर हसलो, न्हाव्यावर हसलो आणि घडी घालून ठेवले. रात्री जेवताना घास तोंडात असताना ‘उजव्या अंगाले’ हे शब्द पुन्हा समोर आले. उठून पत्र काढले. बिब्बा उजव्या बाजूला आहे, सिंधू. पुंजका डाव्या बाजूला होता. मी तुला लिहिले ते खोटे होते.

मग १५ फेब्रुवारीची माझी रोजनिशी काढली. त्यातही ‘डावी बाजू’ असेच आहे. कुणी पाहिली, कुणी सांगितली, काही नाही. आज सकाळी घरी हिला माझ्यासमोर पाटावर बसवले आणि उजव्या गळ्याला हात लाव म्हणालो. तिने लावला. तो हात माझ्या डाव्या हाताच्या बाजूला गेला. चुलीशी असेच झाले होते. वहिनीने बरोबर दाखवले आणि मी तिच्यासमोर बसून माझ्या बाजूने वाचले. इतकी साधी चूक! तू त्या पत्रात लिहिलेही होतेस, की दादाची स्वतःची डावी.

पण मी तिला नुसती चूक म्हणून सोडून देऊ शकत नाही. बावीस वर्षे मी हेच काम करतो. एक जण मूळ वाचतो, दुसरा नकलेवर बोट ठेवून ऐकतो, तेव्हा सही होते. त्या दिवशी मूळ कागद मोताळ्याच्या विहिरीवर होता. संध्याकाळपर्यंत थांबून दादाचा पंचा सोडायला सांगायचे, एवढेच होते. मी गाडीची सबब केली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, मला कुठे जायचे होते? मला उत्तर हवे होते तसे मिळाले आणि ते कुणी खोडून काढण्याच्या आत टपालात टाकायचे होते.

तू मला विचारलेस की डाग स्वतः पाहिलेस का. मी ते वाचले होते. उत्तरात तुला आंब्याच्या मोहराचे लिहिले. पिंपळगावला त्या रविवारी दादा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, गळ्याला पंचा होता, आणि तो सोड म्हणायला माझी जीभ उचलली नाही. इतका आनंदात होता तो. आणि खरे सांगायचे तर, त्या वेळी मला संशय आला नव्हता असे मी शपथेवर सांगू शकत नाही.

आता जे करायचे ते. हे पत्र डॉक्टरांना पूर्ण वाचून दाखव. मधले काही गाळू नकोस, मला सांभाळून घेऊ नकोस. बिब्बा उजवीकडे होता आणि उजवीकडे कागदावर काहीच नव्हते, म्हणजे बिब्ब्याने त्या कागदावर एक ठिपकाही उमटवला नसेल. डावीकडचा पुंजका दुसऱ्याच कशाचा आहे. त्यांनी लाल पेन्सिलीने मारलेला शेरा माझ्या शब्दावर मारला होता, तो पुसायला सांग. आणि तुलनेच्या यादीतून दादाचा गॅलियमचा कागद काढला आहे, तो परत आत घालायला सांग. उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्याचा निकाल त्या यादीवरून लागायचा आहे. त्यात माझी चूक मिसळायला नको.

दादाला वॉर्डात जागा धरून ठेव. तो म्हणेल पौर्णिमेनंतर. मी या वेळी पौर्णिमेपर्यंतची मुदत मागणार नाही, तूही मागू नकोस. डाव्या बाजूची बोराएवढी गाठ, झोपल्यावर वाजणारी शिट्टी, असल्याच खुणा तू फेब्रुवारीत मला लिहून दिल्या होत्यास, आणि अर्धे सांगू नकोस असेही लिहिले होतेस. माझ्या स्टेशनवरच्या पत्राला पंचाहत्तर दिवस झाले. यातले किती दिवस त्याच्या आयुष्यातून गेले हे मला डॉक्टरांना विचारायचे आहे, आणि विचारायची भीतीही वाटते.

विशाखाला पंचशील कोण देईल, हे मला माहीत नाही. तिला विचारण्याचे धाडस माझ्यात नाही. वहिनीला मात्र मी सांगणार आहे की तिचे काही चुकले नव्हते. तिने लपवले ते माझ्या भीतीने, आणि विचारल्यावर दाखवले ते अचूक.

आज महाराष्ट्र दिनाची सुटी. खाली मैदानावर पोलिसांचा बँड वाजतो आहे. सकाळची पिंपळगावची एस.टी. माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मी स्टँडवर उभा होतो, तिकिटाचे पैसे हातात होते, आणि दादाला काय सांगायचे त्याचे पहिले वाक्य जुळेना म्हणून चढलो नाही. तेही तुला कळवून ठेवतो. दुपारी हे पत्र लिहायला बसलो, म्हणजे निदान तुझ्याकडून तरी आता मला परत फिरता येणार नाही.

लोभ असू दे असे या वेळी कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.

तुझा भाऊ,
इंद्रभान

ता. क. रोजनिशीत २ मेच्या पानावर एकच ओळ लिहिली आहे, ती इथे उतरवतो : पहिल्या एस.टी.ने पिंपळगाव, दादाला मी स्वतः सांगणे.